खालची टाकी भरलेली होती

हा लेख हेलिकॉप्टरवर आहे. पण सुरुवात आपल्या हॉस्टेलच्या पाण्याच्या टाकीपासून करावी लागतेय, त्याला इलाज नाही.

गेल्या जुलैतली गोष्ट. चेण्याचा पाऊस कसा असतो ते इथे राहणाऱ्यांना सांगायला नको. मागे नॅशनल पार्कचा डोंगर, बाजूने फुगलेली चेणा नदी, पुढे घोडबंदर रोडवर ट्रकची रांग. सगळीकडे पाणीच पाणी. आणि अशा रात्री सव्वाअकराला तिसऱ्या मजल्यावरची चार पोरं माझ्या दारात उभी. म्हणाली, "सर, नळाला थेंब नाही."

मी रेक्टर. छत्री घेऊन खाली गेलो. पंपाकडे बघणारे आपले मामा टॉर्च घेऊन आधीच तिथे पोचले होते. त्यांनी जमिनीखालच्या टाकीचं झाकण उचलून दाखवलं.

"बघा सर, काठोकाठ आहे. पाणी नाही असं होईलच कसं?"

"अहो मामा, पण नळाला नाहीये."

"खाली तर फुल आहे ना!"

दोघेही खरं बोलत होतो. खालची टाकी भरलेली होती आणि गच्चीवरची कोरडी ठणठणीत. मधला पंप बंद होता. तो बंद का होता, त्याचा शोध दुसऱ्या दिवशी लागला. मे महिन्यात टँकर वेळेवर येत नव्हते, खालच्या टाकीत पाणी तळाला जायचं, आणि पंप कोरडा फिरून जळू नये म्हणून ऑटोवरचा स्विच काढून ठेवला होता. अगदी योग्य केलं होतं. जूनमध्ये पाणी आलं. रोज सकाळी मामा हाताने पंप लावत, हाताने बंद करत. त्या दिवशी मामा गावाहून उशिरा आले, बदली माणसाला कुणी सांगितलं नव्हतं. स्विच मे महिन्यापासून तिथेच होता.

आता माझी चूक. वरची टाकी खाली गेली की वॉचमनच्या केबिनमध्ये बझर वाजतो. तो त्या दिवशी दुपारपासून वाजत होता. वॉचमनने मला फोन केला, एकदा नाही, तीनदा. पावसात त्या फ्लोटच्या वायरच्या जॉइंटमध्ये पाणी जातं आणि बझर उगाच वाजतो, हे मला गेल्या दोन पावसाळ्यांपासून माहीत होतं. मी म्हटलं, "बंद करून ठेवा, उद्या इलेक्ट्रिशियनला दाखवू." तिन्ही वेळा हेच म्हटलं.

पंप लावला, अर्ध्या तासात पाणी आलं, पोरं झोपली. मला मात्र झोप लागली नाही. कारण आपल्या आगीच्या होज-रीलचं पाणीही त्याच वरच्या टाकीतून येतं. म्हणजे दुपारपासून रात्री साडेअकरापर्यंत दोनशेवर मुलांच्या इमारतीत आग विझवायला पाणी नव्हतं, आणि इमारतीच्या पोटात मात्र हजारो लिटर भरून ठेवलेलं होतं.

त्या रात्री मला ग्लासगोचा अपघात आठवला. थर्मलच्या वर्गात मी तो पूर्वी एकदा पाच मिनिटांत उरकला होता. पाच मिनिटांत उरकण्यासारखा तो नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

२९ नोव्हेंबर २०१३, शुक्रवारची रात्र. स्कॉटलंड पोलिसांचं ईसी १३५ जातीचं हेलिकॉप्टर रात्री ८ वाजून ४४ मिनिटांनी ग्लासगो शहरातल्या हेलिपोर्टवरून निघालं. आत एक पायलट आणि दोन पोलीस कर्मचारी. टाकीत ४०० किलो इंधन. रेल्वेखाली कुणी सापडल्याची खबर होती, तिथे शोध घेतला. मग पूर्वेला एडिंबराजवळच्या डालकीथला गेले, परतताना आणखी दोन-तीन ठिकाणी घिरट्या घातल्या. नेहमीचीच रात्रपाळी. १० वाजून २२ मिनिटांनी ते हेलिकॉप्टर क्लाइड नदीकाठच्या 'क्लूथा' नावाच्या बारच्या छपरावर कोसळलं. आत गाण्याचा कार्यक्रम चालू होता, शंभरेक माणसं होती. हेलिकॉप्टरमधले तिघे आणि बारमधले सात, असे दहा जण गेले. आपल्या तळापासून ते फक्त काही मिनिटांच्या अंतरावर होतं.

आग लागली नाही, स्फोट झाला नाही. तपासणाऱ्यांनी अवशेषांतून इंधन काढलं तेव्हा मुख्य टाकीत ७६ किलो निघालं.

इथे वही-पेन घ्या. ८:४४ ते १०:२२ म्हणजे ९८ मिनिटं. ४०० वजा ७६ म्हणजे ३२४ किलो जळलं, म्हणजे मिनिटाला साधारण ३.३ किलो. त्या हिशेबाने ७६ किलोत अजून तेवीसेक मिनिटं उडता आलं असतं. मग दोन्ही इंजिनं बंद पडली कशी?

आपल्या हॉस्टेलसारखीच. या हेलिकॉप्टरमध्ये इंजिनं मुख्य टाकीतून इंधन घेतच नाहीत. जमिनीखालच्या टाकीला आपला नळ थेट जोडलेला नसतो ना, तसंच. मुख्य टाकीच्या शेजारी दोन छोट्या टाक्या असतात, त्यांना सप्लाय टँक म्हणतात. प्रत्येक इंजिनाची आपली एक. मुख्य टाकीत दोन ट्रान्स्फर पंप असतात, एक पुढच्या टोकाला, एक मागच्या. ते मुख्य टाकीतून उपसून छोट्या टाक्या सतत भरलेल्या ठेवतात. जास्त झालं तर आपल्या गच्चीवरच्या ओव्हरफ्लो पाइपसारखं परत मुख्य टाकीत येतं. म्हणजे उड्डाणभर छोट्या टाक्या गच्च भरलेल्या आणि मुख्य टाकी हळूहळू खाली जाणारी, असंच चित्र दिसलं पाहिजे. मुख्य संपली की मग छोट्या उतरायला लागतात.

त्या रात्री उलटं झालं. मुख्य टाकीचा आकडा ७६ वर थांबला आणि छोट्या टाक्या उतरत गेल्या. अपघातानंतर उजवी छोटी टाकी कोरडी होती, डावीत अर्धा किलोही नव्हतं. आणि दोन्ही ट्रान्स्फर पंपांचे स्विच बंद स्थितीत सापडले.

बंद का होते? यावर ब्रिटनच्या विमान अपघात अन्वेषण शाखेने जवळजवळ दोन वर्षं काम केलं. अहवाल ऑक्टोबर २०१५ मध्ये आला. ठाम उत्तर त्यात नाही, मिळणं शक्यही नव्हतं. पण पंप बंद करण्याचं कारण मात्र माहितीतलं आहे. हेलिकॉप्टर पुढे जोरात जाताना नाक थोडं खाली घालतं, एका जागी तरंगताना ते वर येतं. टाकीत इंधन कमी असेल तर त्यानुसार ते पुढे-मागे सरकतं आणि दोनपैकी एक पंप उघडा पडतो. कोरडा पंप जळू नये म्हणून डॅशबोर्डवर सूचना येते आणि पायलट तो पंप बंद करतो. नियमच तसा आहे. पुन्हा हेलिकॉप्टरचा कल बदलला आणि पंपावर इंधन आलं की तो चालू करायचा असतो. डालकीथवर घिरट्या, मग सरळ प्रवास, मग पुन्हा घिरट्या, अशा रात्री हे अनेकदा करावं लागणार.

शिवाय अजून एक भानगड. त्याच पॅनेलवर प्राइम पंपांचेही स्विच असतात. ते पंप छोट्या टाक्यांत असतात आणि इंजिन सुरू करताना लागतात. एरवी उडताना त्यांची गरज नसते. अपघातानंतर हे दोन्ही स्विच चालू सापडले. हवे ते बंद, नको ते चालू. ट्रान्स्फर पंप चालू करायला हात गेला आणि शेजारचे स्विच दाबले गेले असावेत, असा तर्क कुणालाही करता येईल. तर्कच आहे, पुरावा नाही. पण आपल्या लॅबमध्ये एका ओळीत सहा सारखे स्विच लावून खाली स्केचपेनने नावं लिहिणाऱ्यांनी (यात मीही आलो) यावर जरा विचार करावा.

आता सगळ्यात जिवाला लागणारा भाग.

छोट्या टाकीत इंधन ठरावीक पातळीखाली गेलं की लाल दिवा लागतो आणि कानात घंटा वाजते. या हेलिकॉप्टरच्या चेकलिस्टमध्ये त्यापुढे एकच वाक्य आहे: १० मिनिटांत उतरा. त्या उड्डाणात ही धोक्याची सूचना पाच वेळा आली. पाचही वेळा पायलटने बटण दाबून ती पोच केली. म्हणजे त्याने ऐकली होती, पाहिली होती. हवाई दलात प्रशिक्षक राहिलेला, हजारो तास उडालेला माणूस. दारू नाही, आजार नाही, घाबरट नाही, बेफिकीर म्हणून कुणी ओळखत नव्हतं. तरी त्यानंतर दुसऱ्या एका ठिकाणी घिरट्या झाल्या, नियंत्रण कक्षाशी शांतपणे बोलणं झालं, संकटाचा संदेश मात्र गेला नाही.

या हेलिकॉप्टरमध्ये ब्लॅक बॉक्स नव्हता. तेवढ्या वजनाच्या हेलिकॉप्टरला तेव्हा सक्ती नव्हती. मग हे सगळं कळलं कुठून? इशारे देणाऱ्या यंत्रणेच्या आणि इंजिन नियंत्रकाच्या चिपमध्ये वीज गेल्यावरही टिकणारी मेमरी असते. ती वाचून तपासणाऱ्यांनी एकेक क्षण जुळवला. इलेक्ट्रॉनिक्सच्या मुलांनी तो अहवाल यासाठी तरी वाचावा. पण पायलटच्या मनात काय चाललं होतं, ते चिपमध्ये नसतं. तो काय बोलला, शेजारच्या दोघांनी काही विचारलं का, हे कधीच कळणार नाही. पोलीस आणि रुग्णवाहिका हेलिकॉप्टरांना रेकॉर्डर असावा, अशी शिफारस तपासणाऱ्यांनी केली ती त्यामुळेच.

पुढे स्कॉटलंडमध्ये न्यायालयीन चौकशी झाली. तिचा निकाल ऑक्टोबर २०१९ मध्ये आला. शेरीफ प्रिन्सिपल क्रेग टर्नबुल यांचा निष्कर्ष असा, की निदान एक ट्रान्स्फर पंप चालू आहे याची खात्री पायलटने केली नाही, म्हणून अपघात झाला. इशारे कुठल्या तरी बिघाडामुळे खोटे येत असावेत असं धरून त्याने धोका पत्करला. काही कुटुंबीयांना हा निकाल पटला नाही. सगळा दोष गेलेल्या माणसावर टाकून बाकीचे मोकळे झाले, असं त्यांना वाटलं.

माझं मत विचाराल तर निष्कर्ष बरोबर आहे, पण तो शेवटचा नव्हे. त्याने इशारा खोटा का मानला असेल? अपघातानंतर पंधरवड्यातच, डिसेंबर २०१३ मध्ये, त्याच कंपनीच्या दुसऱ्या एका ईसी १३५ मध्ये छोट्या टाकीचा काटा प्रत्यक्षापेक्षा जास्त इंधन दाखवतो असं आढळलं आणि कंपनीने आपली या जातीची हेलिकॉप्टरं काही काळ थांबवली. म्हणजे काटा फसवू शकतो हे खरंच होतं. दिवा म्हणतोय इंधन संपत आलं, एक आकडा म्हणतोय ७६ किलो आहे, आणि अनुभव म्हणतोय हे यंत्र कधीकधी उगाच ओरडतं. अशा वेळी माणूस कुणावर विश्वास ठेवतो? ज्याच्यामुळे हातातलं काम थांबवावं लागणार नाही त्याच्यावर. मी माझ्या बझरच्या वेळी तेच केलं. मला तर खोलीतून उठून जिना चढायचा होता फक्त.

आता हेलिकॉप्टरची इंजिनं बंद पडल्यावर काय होतं ते बघू, कारण "पंखा थांबला म्हणजे दगडासारखं पडणार" असं आपल्यापैकी बऱ्याच जणांना वाटतं. तसं नाही. विमान जसं इंजिनाशिवाय तरंगत येऊ शकतं तसं हेलिकॉप्टरही येतं, त्याला ऑटोरोटेशन म्हणतात. इंजिन चालू असताना पाती हवा वरून खाली ढकलतात. इंजिन बंद पडलं आणि हेलिकॉप्टर खाली यायला लागलं की हवा खालून वर पात्यांतून जाते आणि पवनचक्कीसारखी त्यांना फिरवत ठेवते. इंजिन आणि रोटरच्या मध्ये सायकलच्या फ्रीव्हीलसारखी क्लच असते, त्यामुळे बंद इंजिन पात्यांना ओढून धरत नाही. जमिनीजवळ आलं की पायलट नाक वर उचलतो, वेग मोडतो, आणि फिरत्या पात्यांत साठलेली गतिज ऊर्जा शेवटच्या क्षणी उचल म्हणून खर्च करतो. ती ऊर्जा एकदाच मिळते. आपल्या डायनॅमिक्सच्या लॅबमधलं फ्लायव्हील आठवा.

पण यासाठी पहिली गोष्ट करावी लागते: इंजिन गेल्याबरोबर डाव्या हातातला कलेक्टिव्हचा दांडा खाली. पात्यांचा कोन कमी झाला नाही तर हवेचा विरोध त्यांचा वेग एक-दोन सेकंदांत खाऊन टाकतो. पाती एकदा पुरेशी मंदावली की ती परत फिरवणं हवेला जमत नाही.

ईसी १३५ ला दोन इंजिनं. एक बंद पडलं तर दुसऱ्यावर घरी येता येतं. दोन्ही एकदम बंद पडू नयेत म्हणून कारखान्याने दोन्ही छोट्या टाक्या मुद्दाम वेगवेगळ्या आकाराच्या ठेवल्या आहेत. एकीचं संपलं तरी दुसरीत थोडं उरावं. कल्पना चांगली. त्या रात्री उजवं इंजिन आधी गेलं, आणि डावं त्यानंतर ३२ सेकंदांनी. कल्पनेने मिळवून दिलेला वेळ एवढाच. घड्याळ लावून ३२ सेकंद गप्प बसून बघा. थोडे वाटतात, बरेचही वाटतात. शहरावरून, रात्री, हजारभर फुटांच्या आत-बाहेर उडत असताना एक इंजिन गेल्याची घंटा, त्याची प्रक्रिया, आणि ती होते न होते तोच दुसरं.

त्यातही एक गोष्ट सांगतो, ती इलेक्ट्रिकलवाल्यांसाठी. दोन्ही इंजिनं बंद म्हणजे दोन्ही जनरेटर बंद. मग बॅटरी वाचवण्यासाठी काही उपकरणांची वीज आपोआप तोडली जाते. त्यात काय काय होतं? जमिनीपासूनची उंची सांगणारा रेडिओ अल्टिमीटर आणि हवं तिकडे वळवता येणारा लँडिंग लाइट. अंधारात नाक नेमकं कुठल्या उंचीवर उचलायचं हे ज्यांच्यावरून कळणार, नेमके तेच. ती वीज परत आणायला डोक्यावरच्या पॅनेलवर एक वेगळा स्विच आहे, तो लावलेला नव्हता. कुणी लावला असता त्या काही सेकंदांत? छपरावर आदळताना पाती फिरत नव्हती.

इंधन संपून झालेले असे अपघात दुर्मीळ वाटतात, कारण कारण फार साधं आहे. इंधन संपणं ही काय चूक झाली का, स्कूटरवालाही बघून निघतो! पण चांगल्या माणसांच्या हातून ती होते.

२६ ऑगस्ट २०११, अमेरिकेतलं मिसुरी राज्य. एका हवाई रुग्णवाहिकेचा पायलट रुग्णाला घेण्यासाठी निघाला, वाटेत त्याच्या लक्षात आलं की इंधन आपण समजत होतो त्यापेक्षा कितीतरी कमी आहे. निघताना खात्री केली नव्हती. रुग्णालयाच्या हेलिपॅडवर उतरल्यावर त्याच्याकडे पूर्ण पर्याय होता: इथेच थांबतो, इंधन मागवा. पण रुग्ण तयार, नर्स तयार. त्याने हिशेब केला, वाटेतल्या मॉस्बीच्या विमानतळापर्यंत पुरेल. धावपट्टीच्या साधारण मैलभर अलीकडे संपलं. दिवस होता, हवा स्वच्छ होती, खाली मोकळी जमीन होती. तरी ऑटोरोटेशन साधलं नाही आणि चौघेही गेले. तपासात दोन गोष्टी पुढे आल्या. एक, त्या कामाच्या वेळात पायलट मोबाइलवर खासगी मेसेज करत होता. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने मन विचलित होण्याचं हे कारण नोंदवलं. दुसरी कमी बोलली जाते. त्याचा ऑटोरोटेशनचा सराव कमी वेगावर झालेला होता. पूर्ण वेगात जाताना इंजिन गेलं तर नुसता कलेक्टिव्ह खाली करून भागत नाही, उजव्या हातातली सायक्लिकची काठीही त्याच क्षणी मागे ओढावी लागते. हे सिम्युलेटरवर पडताळून बघितलं गेलं. म्हणजे परीक्षा सिलॅबसबाहेरची आली. ती आपल्याला आली की आपण मोर्चा काढतो.

आणखी एक जुना अपघात सांगायचा आहे, पण त्याआधी माझ्या स्प्लेंडरची गोष्ट. मी शिकत असतानाची. त्या गाड्यांना टाकीखाली एक कॉक असायचा: चालू, बंद, रिझर्व्ह. गाडी झटके द्यायला लागली की चालत्या गाडीवर वाकून कॉक रिझर्व्हवर फिरवायचा, मग पंपापर्यंत निवांत. ती झटक्यांची सूचना म्हणजे आमचा लाल दिवा. एका रात्री ठाण्याहून परत येताना गायमुखच्या चढावर गाडी एकदम मेली. वाकून बघतो तर कॉक आधीच रिझर्व्हवर! गेल्या खेपेला मित्राने गाडी नेली होती. त्याने पेट्रोल भरलं, पण कॉक परत फिरवला नाही. गाडीत काही बिघाड नव्हता. सूचना मात्र निघून गेली होती, आणि ती निघून गेल्याचं मला ठाऊक नव्हतं. चेण्यापर्यंत ढकलत आणली, मागून येणाऱ्या प्रत्येक कंटेनरला हात दाखवत. मित्राला काय म्हणालो ते इथे छापता येणार नाही.

आता तो अपघात. गॅरी पॉवर्स हे नाव काहींनी ऐकलं असेल. १ मे १९६० रोजी अमेरिकेचं यू-२ हे हेरगिरीचं विमान रशियाने पाडलं, त्याचा पायलट. क्षेपणास्त्रातून वाचला, रशियन तुरुंगातून सुटून परत आला. पुढे लॉस एंजेलिसला टीव्ही वाहिनीचं हेलिकॉप्टर चालवायला लागला आणि १ ऑगस्ट १९७७ रोजी एका बातमीचं चित्रण करून परतताना इंधन संपून कोसळला. तो आणि कॅमेरामन दोघेही गेले. त्याच्या मुलाने पुढे सांगितलेली हकीकत अशी, की त्या हेलिकॉप्टरचा इंधनाचा काटा बिघडलेला होता आणि पॉवर्सला त्याची सवय झाली होती. मेकॅनिकने काटा दुरुस्त केला, पण त्याला सांगितलं नाही. काटा शून्याला टेकला तरी अजून थोडं असतं, या सवयीवर तो उडत राहिला. दुरुस्तीने माणूस मेला, असं कुणी म्हणेल. मी म्हणेन, दुरुस्ती झाली आणि निरोप पोचला नाही, त्याने मेला. आपला ऑटोवरचा स्विच, माझ्या गाडीचा कॉक, सगळी एकाच घराण्यातली मंडळी.

जुहूवरून उडणारी हेलिकॉप्टरं आपण पाहतो. १९२८ साली सुरू झालेला तो विमानतळ आता मुख्यतः त्यांच्यासाठीच आहे. तिथून माणसं समुद्रात सुमारे १६० किलोमीटरवर असलेल्या मुंबई हायच्या तेलविहिरींवर जातात-येतात. त्या प्रवासात गायमुखचा चढ नाही आणि ढकलायला रस्ताही नाही. म्हणून हिशेब असा करतात: जायला किती, उतरता आलं नाही तर परत यायला किती, वाऱ्याने उशीर केला तर किती, आणि हे सगळं झाल्यावर हात न लावायचं राखीव किती. दिवसा, नजरेने बघून उडणाऱ्या हेलिकॉप्टरसाठी आंतरराष्ट्रीय नियमांत हे राखीव २० मिनिटांचं आहे. लक्षात घ्या, लिटर नाही, मिनिटं. टाकीत किती आहे हा प्रश्न नसतोच, किती वेळ आहे हा असतो. आणि २०१२ पासून आंतरराष्ट्रीय संभाषणात यासाठी ठरलेले शब्दही आहेत. राखीवालाही हात लागणार असं दिसलं की तीनदा 'मेडे' म्हणायचं आणि पुढे 'फ्युएल' जोडायचं. "जरा कमी आहे", "बघतो, पोचेन बहुतेक" अशी भाषा चालत नाही. मोठ्याने, ठरलेल्या शब्दांत, दुसऱ्या माणसाच्या कानावर घालायचं. ते का ठरवावं लागलं असेल, हे आपल्यातल्या कुणालाही कळेल ज्याने बॅकलॉग घरी सांगायला दोन सेमिस्टर लावली आहेत.

हॉस्टेलचं पुढे काय केलं ते सांगतो. फ्लोटची वायर पाण्याबाहेर घेतली आणि जॉइंट नीट सील केला. पंपाच्या स्विचशेजारी जाड पुठ्ठा टांगला: एका बाजूला 'ऑटो चालू' हिरव्यात, दुसऱ्या बाजूला 'ऑटो बंद' लाल अक्षरांत, खाली तारीख आणि कुणी बंद केलं त्याचं नाव. वॉचमनच्या केबिनमध्ये एक रजिस्टर ठेवलं. बझर वाजला की कुणीतरी गच्चीवर जाऊन डोळ्यांनी टाकी बघायची आणि वेळ लिहायची, मगच बझर बंद करायचा. मेकॅनिकलच्या दोन मुलांनी वरच्या आणि खालच्या दोन्ही टाक्यांची पातळी शेजारी शेजारी दाखवणारं साधं पॅनेल प्रोजेक्ट म्हणून करायला घेतलंय. त्यांना मी एकच अट घातली आहे, खालचा आकडा आणि वरचा आकडा मिळून बेरीज दाखवायची नाही.

मागच्या आठवड्यात रात्री अडीचला बझर वाजला. मामांनी फोन केला.

"सर, खोटाच असणार. पाऊस तर नाहीये, पण बंद करू का?"

"थांबा, येतो."

चार मजले चढून गेलो, मामा टॉर्च घेऊन मागे. झाकण उघडलं. टाकी काठोकाठ भरलेली. फ्लोट पाइपला अडकून बसला होता, हाताने सोडवला तसा बझर थांबला. मामा काही बोलले नाहीत. खाली येऊन त्यांनी रजिस्टर उघडलं आणि लिहिलं: २ वाजून ४१ मिनिटं, टाकी फुल.